वन्संच्या बॅगांची भिंत

वन्सं, तुमच्या तेराव्याला साखर सापडेना.

आचारी आतून ओरडतोय, रवा भाजून झाला, पाणी उकळलं, साखर आणा. आणि मी पदर खोचून तुमच्या त्या भिंतीसमोर उभी. कुठली बॅग उघडू तेच कळेना. तपकिरी उघडली, तर छत्र्या. शेजारची राखाडी उघडली, तर आमसुलं. चौकटीची उघडली, तर चादरींचा गठ्ठा अंगावर आला. तोवर मुंबईहून आलेल्या वत्सलाकाकू मदतीला धावल्या. त्यांच्यामागे तुमच्या हॉस्टेलमधल्या दोघी जुन्या मुली. मुली म्हणायचं आपलं, आता त्यांच्याच लेकी हॉस्टेलात राहण्याएवढ्या झाल्यात. सगळ्या मिळून खटाखट कड्या उघडत सुटल्या. बॅग उघडली की आतला दिवा आपोआप लागायचा आणि काकू दर वेळी दचकून "अगं बाई!" म्हणायच्या. शेवटी साखर निघाली वरच्या रांगेतल्या पिवळट बॅगेत, डब्याला फडकं गुंडाळलेली, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती लवंगा टाकलेल्या. तोवर असा हशा पिकला होता की ओटीवर गंभीर चेहऱ्याने बसलेली पुरुषमंडळी आत डोकावून गेली.

खरं सांगू? साखर शोधता शोधता एकदा मी तुमच्या खोलीकडे वळले होते. तुम्हालाच विचारायला.

आता या घरात "वन्सं" म्हणून कुणाला हाक मारायची नाही, याची अजून जिभेला सवय झालेली नाही. मी पोफळीची, वीजघराच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे नणंदेला ताई नाहीतर सरळ नावाने हाक मारायचे. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "बुरोंडीची माणसं जुन्या वळणाची आहेत, मोहनच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हण." मी मनात म्हटलं, हा शब्द आता नाटकातसुद्धा ऐकू येत नाही. पण पहिल्यांदा हाक मारली तेव्हा तुम्ही एवढ्या खूश झालात की मग तो शब्द माझ्याकडून सुटलाच नाही. लग्नानंतर इतकी वर्षं तुम्ही आम्हाला सणासुदीपुरत्याच दिसायचात. दापोलीत मुलींच्या हॉस्टेलवर तुम्ही रेक्टर. एसटीतून उतरायचात, हातात एकच बॅग. चार दिवस राहायचात, भाताची, माशाची, माझ्या बोलण्याची चेष्टा करायचात आणि तीच बॅग उचलून परत.

निवृत्त होऊन कायमच्या राहायला आलात तेव्हा मी जरा धास्तावलेच होते. चार दिवसांची नणंद वेगळी आणि बारा महिन्यांची वेगळी. तुम्हीही धास्तावला असणार. सगळा जन्म स्वतःच्या खोलीत काढलेली बाई भावाच्या संसारात येते तेव्हा तिला काय वाटतं, ते मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. आपण दोघी आपापल्या परीने जपून वागत होतो. "तुम्ही आधी घ्या", "नाही, तू घे" असं चाललेलं.

मग ते वादळ आलं आणि जपून वागायला जागाच राहिली नाही.

मागच्या अंगाची कौलं उडाली, पाऊस थेट घरात आला. सगळे एका खोलीत जीव मुठीत धरून बसलो होतो. माणसं वाचली, पण माझी दोन्ही कपाटं गेली. प्लायवूड पाणी पिऊन पावासारखं फुगलं, दारं लागेनात. आणि माळ्यावरून उतरवल्या त्या बॅगा. मामंजींच्या, म्हणजे तुमच्या बाबांच्या. बोटीवर नोकरी, त्यामुळे दर दोन-तीन फेऱ्यांना एक नवी बॅग घेऊन घरी यायचे आणि जुनी माळ्यावर जायची. पत्र्याचे कोपरे, जाड कड्या, कातडी मुठी, काहींवर कुठल्या कुठल्या बंदरांचे कागद चिकटवलेले. मी भंगारवाल्याला निरोप धाडला होता. तुम्ही दारातच मला अडवलंत.

"ह्या कुठे चालल्या?"

"भंगारात. कुजक्या आहेत."

"उघडून बघितल्यास?"

उघडल्या. दोन खरंच गेल्या होत्या. बाकीच्या बाहेरून चिंब, पण आतलं अस्तर कोरडं. मामंजींच्या एका स्वेटरलासुद्धा ओल लागली नव्हती. तुमचा चेहरा असा काही उजळला, जणू त्या तुम्हीच बांधल्या होत्यात.

"बोटीवरच्या आहेत गो! त्यांना पाण्याचं काय?"

"पण वन्सं, आता बॅगांत संसार ठेवायचा का? नवीन कपाट आणू."

"आण. परत वादळ आलं की परत फुगेल."

त्या आठवड्यात आपण पहिल्यांदा मोकळेपणी भांडलो. खूप बरं वाटलं.

पहिली बॅग भिंतीला लावायचा दिवस आठवतो? मोहनच्या विजेच्या दुकानातलं ड्रिल मशीन त्याला न विचारता आणलंत. चिऱ्याची भिंत, भोकातून लाल भुगा भसाभसा गळतोय, तुमचे पांढरे केस लाल, चष्मा लाल, माझं नुकतंच पुसलेलं घर लाल. बॅग लागली. तुम्ही दोन पावलं मागे जाऊन हात कमरेवर ठेवलेत. "बघ." मी बघतच होते, तेवढ्यात ती धाडकन खाली आली. आत तुम्ही घाईघाईने माझ्या लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्यात. दोघी जमिनीवर बसून काचा वेचत होतो. मग तुम्ही म्हणालात, "लोणचं चांगलं मुरलं होतं पण." आणि बोट चाटलंत. काचा असतील म्हणून मी ओरडले, तर तुम्हाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुताराकडून फणसाच्या लाकडाची चौकट करून आणलीत. जड बॅगा खाली, हलक्या वर, बूड चौकटीला आवळलेलं आणि झाकण दारासारखं बाजूला उघडणारं. प्रत्येक बॅगेला आधी ऊन दाखवायचं, बुरशी पुसायची, कातडी मुठीला खोबरेल चोळायचं, आत कडुलिंबाचा पाला टाकायचा. अस्तर फाटलं असेल तिथे माझ्या जुन्या साड्या. माझ्या साखरपुड्याची जांभळी साडी आता छत्र्यांच्या बॅगेचं अस्तर आहे, त्यावरून मी तुम्हाला बरंच बोलले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ट्रंकेत होती तेव्हा कधी बघायचीस? आता पाऊस आला की बघशील."

सगळी भिंत भरली तरी काही बॅगा उरल्या, त्यांत एक छोटी निळी. आत झाकणाला आरसा असलेली. ती तुम्ही माझ्या पलंगाच्या डोक्याशी लावलीत आणि तिची किल्ली माझ्या हातात ठेवलीत.

"ही तुझी."

"माझं काय आहे त्यात ठेवायला?"

"ते तुझं तू बघ. मी विचारणार नाही. मोहनही उघडणार नाही."

मी हसले होते, पण तुम्ही हसला नव्हतात. म्हणालात, "इतक्या मुली बघितल्या मी. हॉस्टेलात येते तेव्हा खाट आमची, कपाट आमचं, पंखासुद्धा तिघींत एक. तिची स्वतःची म्हणजे फक्त बॅग. लग्न होऊन घरी गेली की तीसुद्धा माळ्यावर जाते. मग तिचं असं राहतं काय?"

वन्सं, आता सांगते. ती बॅग मी कितीतरी दिवस रिकामीच ठेवली होती. रोज उघडायची, आरशात बघायची, बंद करायची. माझं एकटीचं असं काही सुचेचना. लेकीचे दागिने ठेवावेत, तर ते तिचे. घराचे कागद ठेवावेत, तर ते मोहनचे. मग एकदा माहेरी गेले होते, तिथे जुन्या डब्यात माझा कॅरमचा स्ट्रायकर मिळाला. कॉलनीच्या क्लबात मी भल्याभल्या इंजिनिअरांना हरवायची, हे बुरोंडीत कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नात कुणी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही. तो स्ट्रायकर मी निळ्या बॅगेत ठेवला. झाकण उघडलं की तो घरंगळायचा, खडखड वाजायचा.

तुम्ही शब्द पाळलात, कधी विचारलं नाहीत. पण हॉस्टेलात इतकी वर्षं काढलेल्या बाईला तो आवाज ओळखता येणार नाही असं कसं होईल! त्या दिवाळीला दापोलीहून टेम्पोतून कॅरमबोर्ड आला. पाय जोडलेली एक जुनी बॅग पडवीत ठेवून त्यावर तुम्ही बोर्ड मांडलात आणि म्हणालात, "मला वायच शिकवशील का गो?" शिकवते कसली, तुम्ही पहिल्याच डावात राणी घेतलीत आणि वर कव्हर झालं की नाही यावरून जेवणाची वेळ टळेपर्यंत वाद घातलात. त्या दुपारपासून आपण रोज खेळलो. माझं लग्न झाल्यापासूनची सगळ्यात मजेची वर्षं ती, वन्सं. पन्नाशीनंतर मला मैत्रीण मिळाली, तीसुद्धा घरातच.

मोहनचं आणि तुमचं भांडण मात्र वेगळं होतं. ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

सगळ्यांत मोठी, काळपट हिरवी बॅग तुम्हाला मधोमध कापून तिच्या दोन खिडकीतल्या फळ्या करायच्या होत्या. मोहन दुकानातून आला, तुमच्या हातात करवत बघितली आणि त्याचा चेहराच उतरला.

"ताई, ही कापायची नाही."

"अरे, एवढी मोठी भिंतीला पेलणार नाही. कापली तर..."

"नाही म्हणालो ना!"

तो कधी आवाज चढवत नाही. तुम्हीही चिडलात. बाबांची बॅग जशी त्याची तशी तुमचीही, असं म्हणालात. तेव्हा तो पडवीच्या पायरीवर बसला आणि कुणाकडेच न बघता बोलायला लागला. मामंजी सुट्टी संपवून निघायचे त्या सकाळी, तो लहान असताना, या बॅगेत शिरून बसला होता. बाबांबरोबर जायचं म्हणून. सगळं गाव त्याला समुद्राच्या बाजूला शोधत होतं. मामंजींनी बॅग उचलायला हात घातला आणि म्हणाले, "आज ही जड का?" उघडली, तर हा आत झोपलेला, घामाने ओलाचिंब. त्या गडबडीत एसटी चुकली आणि मामंजी एक दिवस जास्त राहिले.

"तो एक दिवस बाबा माझे होते," मोहन म्हणाला. "कापू नकोस."

तुम्ही करवत खाली ठेवलीत. पण "चुकलं" म्हणण्याची सवय तुम्हा दोघांनाही नाही. मग घरात अबोला. "शैला, तुझ्या नवऱ्याला सांग, मासे आणायचेत." "शैला, ताईला सांग, आणले." मी मध्ये पोस्टमन. बॅग पडवीत एकटी उभी. कॅरमलासुद्धा तुम्ही मुकाट्याने हरायला लागलात, तेव्हा मात्र मला खरी काळजी वाटली.

गणपतीच्या आदल्या दिवशी चौरंग काढला, तर त्याचा एक पाय हातात आला. वादळाचं पाणी त्यालाही भोवलं होतं. मूर्ती मूर्तिकाराच्या शाळेतून आणायची वेळ झालेली, बाजार लांब. तुम्ही मध्येच उठून पडवीत जाऊन आलात. मोहन उठला, पडवीत गेला आणि ती हिरवी बॅग उचलून आणली. आडवी ठेवली, हाताने दाबून बघितली, वर धुतलेलं वस्त्र घातलं.

तेवढ्यात पूजेसाठी आलेले शेजारचे नानाकाका दारात थबकले. "अरे, बॅगेवर देव? चामड्याचं काही नाही ना?"

मी तुमच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी तुमचा कंठ फुटला. "नाना, बूड खरवडून बघितलंय मी. दाबलेला पुठ्ठा आहे, वर रंग. मूठ तेवढी कातड्याची होती, ती ही बघा, मी आधीच काढून ठेवलीय."

मोहन वळला. "कधी काढलीस?"

"चौरंग मोडला तेव्हाच," तुम्ही म्हणालात. "म्हटलं, तुला सुचेल."

तो तुमच्याकडे बघत राहिला, मग हसला. मूर्ती ठेवताना हळूच म्हणाला, "बाबा गणपतीला कधी घरी नसायचे, ताई. आता दर वर्षी असतील." तुम्ही आरतीचं तबक आणायला म्हणून आत गेलात आणि पुष्कळ वेळाने, डोळे धुऊन आलात. तबक तर माझ्याच हातात होतं.

त्यानंतर मोहनला बॅगांचं वेड लागलं ते तुमच्यापेक्षा जास्त. प्रत्येक बॅगेत त्याने दिवा बसवला, फ्रिजसारखा, झाकण उघडलं की लागणारा. आळीतल्या पोरांनी उघडझाप करून दोन बिजागऱ्या तोडल्या. तुम्ही ओरडलात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी खाली एक रिकामी बॅग दिवा लावून मुद्दाम ठेवलीत, उघडझाप करायला.

आपले दोन वाद तसेच राहिले, वन्सं. एक त्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्याचा. त्याला भिंत आवडली, म्हणाला रिसॉर्टात तशीच्या तशी हवी, शोभेला. तुम्ही विचारलंत, "आत काय ठेवणार?" तो म्हणाला, "काही नाही, बंदच राहतील." तुम्ही त्याला सोलकढी पाजून परत पाठवलंत. मी म्हणत होते, लोकांनी नुसतं बघितलं तर काय बिघडलं, सुंदर दिसतात त्या. तुम्ही म्हणायचात, "रिकामी बॅग सुंदर कशी दिसेल?" मला अजूनही तुमचं पटलेलं नाही. चांदण्यासारखा बारीक उजेड त्या कड्यांवर पडतो तेव्हा मी नुसती बघत उभी राहते, काही काढायचं नसताना.

दुसरा वाद चाकांचा. लेकीने पुण्याहून मला चाकांची लाल बॅग आणली, तर तुम्ही तिला हातगाडी म्हणालात. या भिंतीवर चाकांची बॅग येणार नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, उद्या हिलाही कुणीतरी जुनी म्हणून कवटाळेल. तुम्ही म्हणालात, "कवटाळू देत. मी नसेन बघायला."

दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, कुठल्या बॅगेत कपडे भरू? तुम्हाला धाप लागली होती, तरी मान हलवून म्हणालात, "बॅग नको. सगळ्या कामात आहेत. पिशवीत दोन साड्या टाक." तेवढंच घेऊन गेलात. तिथेही नर्सला तुम्ही विचारलंत, तुमचा डबा कुठे ठेवता, स्वतःचं कपाट आहे का. ती लाजून हसली. मला वाटलं, आता बऱ्या झाल्या, उद्या नर्ससाठी बॅग शोधायला लावतील. मी तुमचा हात धरून बसले होते, पण जे बोलायचं होतं ते बोलले नाही, कारण उद्या होता. तुमच्यासारखं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं, वन्सं. सून म्हणून बघितलं, बायको म्हणून, आई म्हणून. तुम्ही मला एक किल्ली दिलीत.

गेल्या आठवड्यात पारू आली. बंदरावर मासे विकते ती. तिची थोरली मुलगी दहावीला आहे, घर एका खोलीचं. तिच्यासाठी तुम्ही एक बॅग करून देणार होतात म्हणे. पारूच्या नवऱ्याची, तोही पूर्वी बोटीवर होता. तुमच्या खाटेखाली ती निम्मी झालेली सापडली. अस्तर लावलेलं, बिजागऱ्या बाकी.

"ऱ्हाऊ दे गो वहिनी," पारू म्हणाली. "आता कोण करणार."

"मी करते," मी म्हणाले, आणि म्हणाल्यावर घाबरले.

तुमची हत्यारांची पेटी उघडली. मोहन मदत करायला आला, त्याला मी घालवून दिलं. दोन दिवस लागले. स्क्रू वाकडे गेले, बोट सोललं, तुमच्या नावाने बरंच पुटपुटले. बॅग पारूच्या घरी नेऊन भिंतीला लावली, कडी उघडली, आणि झाकण बाजूला उघडायच्या ऐवजी धपकन खाली आलं. बिजागऱ्या मी बाजूला नाही, खाली बसवल्या होत्या. झाकणाला आतून जुनी साखळी होती म्हणून ते मध्येच आडवं थांबलं. मी कपाळावर हात मारला. "उद्या काढून परत लावते."

पारूची मुलगी पुढे आली. त्या आडव्या झाकणावर तिने तळहात ठेवला, जरा दाबून बघितलं. मग दप्तरातून वही काढली, त्यावर ठेवली आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. आत पुस्तकं, बाहेर टेबल. आईकडे न बघता म्हणाली, "काकी, असंच राहू दे. मला कधी टेबल नव्हतं."

तुम्ही असता तर म्हणाला असता, बिजागरी चुकली ती चुकली, काढ. मोठ्ठा वाद झाला असता. मी नाही काढणार, वन्सं.